पुढे पोरं, मागे आबा

४ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतेस की नाही देव जाणे. म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडायला तरी हातात धरावा लागतो, तेवढ्यात दोन ओळी नजरेखालून जातील.

बातमी चांगली आहे, घाबरू नकोस. आपले आबा शिक्षक झालेत! हसलीस ना? मीही हसले होते. आपल्या वेळी वर्गात रानाचं नाव काढलं की हातावर छडी बसायची. तू तर रोजची गिऱ्हाईक. आता त्याच शाळेत मी मुख्याध्यापिका आणि त्याच रानाला वरच्या ऑफिसने विषय केलंय. दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीनंतर ‘बाहेरचा तास’. रानातल्या जाणत्या माणसाने पोरांना घेऊन जायचं. जाणतं माणूस आता उरलंय कोण? आबाच. सकाळपासून काठी पुसत बसतात. तास दुपारी आणि हे शाळेच्या फाटकाशी सकाळीच हजर. शिपाईमामा म्हणतो, बाई, सगळा स्टाफ असा असता तर!

ऑफिसातून एक साहेब येऊन बसले होते. माणूस भला आहे, तरुण आहे, विचारून विचारून माझा जीव खाल्ला. आबा शिकवतात कसं? म्हटलं, शिकवत नाहीत. पोरं पुढे चालतात, आबा मागे. वाट पोरांनी शोधायची. चुकली तरी आबा सांगायचे नाहीत, हाक मारायची तर नाहीच नाही. तेही चुकीच्या वाटेने मुकाट मागे जाणार. बरंच पुढे गेलं की मग आपले खाली बसणार. मागची काठी वाजायची थांबली की पोरांनी ओळखायचं, चुकलो. परत फिरून आबांपर्यंत यायचं. पोरं येईपर्यंत आबा उठत नाहीत. साहेब लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, एवढंच? म्हटलं, एवढंच. आमच्या माणसांत असंच शिकतात.

त्यांना इतकं आवडलं की आजूबाजूच्या शाळांतून हाच तास सुरू करायचा म्हणतात. आधी स्वतः येऊन बघणार.

आबा ठणठणीत आहेत. चहा झाला का असं चहा पिता पितासुद्धा विचारतात, पण वयच झालं त्यांचं. आणि हो, सहज विचारते, खिंडीपलीकडे मधाच्या कड्याला जायची वाट तुला आठवते का गं? तू सगळीकडे जायचीस त्यांच्या पुढे. मला दम लागायचा म्हणून मी आपली ओढ्यापर्यंत. सहजच विचारलं.

तुझी,
घरकोंबडी


२० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. नको देऊस. पण हे पत्र पुरतं वाच, तुझ्या पाया पडते.

मागच्या वेळी लिहिलं ‘सहज’. सहज काही नव्हतं. आबा विसरायला लागलेत. चहाचं सोड, ते कुणीही विसरतं. मला सकाळी विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? म्हटलं, तुमच्याकडेच. तर म्हणाले, बसा की मग, मुली येतीलच एवढ्यात.

आणि ते वाटाही विसरलेत हे मला कळलं कधी? पोरांना कळल्यावर कितीतरी दिवसांनी. मागे चालणाऱ्याला वाट येते की नाही ते पुढच्याला कसं कळणार? पुढे पोरं बिनधास्त चाललीयेत, मागून काठी वाजतेय, बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर चाललंय.

गेल्या गुरुवारी सगळी पोरं गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आली. आबा कमरेपर्यंत. मी म्हटलं, हे काय? तर सगळ्यांचं एकच पाठ केलेलं उत्तर, खेळताना पडलो. आबाही खेळताना पडले का, विचारलं, तर सगळी पायांचा चिखल खरवडायला लागली. माझ्या वर्गात एक चष्मेवाली आहे, सातवीची, नेहमी सगळ्यात पुढे चालते. तिला खोटं बोलता येत नाही, बोलायला लागली की चष्मा काढून पुसते. तशी चष्मा पुसत उभी राहिली. तिला ऑफिसच्या खोलीत नेलं, दार लावलं, तर हुंदका देऊन म्हणते कशी, “बाई, आबा बसतच नाहीत हो आता.”

बघ ताई. पोरं चुकत होती, मागे कान लावून होती, आता काठी थांबेल मग थांबेल, आणि काठी काही थांबेना. काठी वाजतेय म्हणजे वाट बरोबर, अशी ती गेली थेट दलदलीत. एक पोरगा रुतला. बाकीच्यांनी ओढून काढला. आणि आबा? आबाही गेले ना त्यांच्या मागोमाग पाण्यात, निवांत, जणू बांधावरून चाललेत.

पोरांनी आता ठरवलंय, फक्त ओळखीच्याच वाटेने जायचं. चुकायचंच नाही, म्हणजे आबांना बसायला नको, म्हणजे कुणाला काही कळायला नको. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? चष्मेवाली म्हणाली, तुम्ही तास बंद केला असता.

केलाच असता गं. पंचवीस पोरांच्या जिवाची जबाबदारी माझी आहे. पण बंद केला तर आबांना काय सांगू? आणि ते गेले की हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार, ते मी कुठून आणू? मला ओढ्यापुढचं काही येत नाही. शाळेत बसून मी फळ्यावर ‘वन आणि मानव’ लिहू शकते, बास. येतं ते फक्त तुला. साहेब महिना-दीड महिन्यात येणार. तू ये, चार दिवसांसाठी ये. येणं नसेल जमत तर वाटा लिहून पाठव. इकडे आड तिकडे विहीर झालंय माझं.

तुझी,
घरकोंबडी


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं. आधी वरचं अक्षर बघून रडले, मग उघडलं. पोस्टमन उभाच होता, त्याला वाटलं कुणी गेलं.

सगळ्या वाटा लिहिल्यास गं! शिवणकारखान्यात दिवसभर उभं राहून घरी येऊन एवढं लिहिलंस. आणि किती तुझ्यासारखं लिहिलंस. ‘ओढा डाव्या कानाला लागला की चढ धर.’ ‘जुळ्या झाडांच्या मधून जा, बाजूने गेलीस तर मेलीस.’ वाचताना तू ओरडतेयस असंच वाटत होतं. उगीच नाही आबांनी तुला टिटवी म्हटलं.

रविवारी मी, चष्मेवाली आणि तुझे कागद असे निघालो. माझ्या नवऱ्याने म्हणजे तुझ्या मेव्हण्यांनी पाण्याची बाटली, दम्याचा पंप, सगळं पिशवीत भरून दिलं आणि म्हणाले, हिमालयात चाललीस का? ओढ्यापर्यंत ऐटीत गेले. मग तुझं वाक्य काढलं, ओढा डाव्या कानाला. आम्ही दोघी उभ्या. ओढा ना डाव्या कानाला ना उजव्या. वर बांध घातलाय ताई, तू गेल्यानंतर. पाणी आहे, पण वाहत नाही, आवाज कुठून येणार? अंदाजाने चढ धरला. जुळ्या झाडांपैकी एकच उभं आहे. एका झाडाच्या मधून कसं जायचं ते तू लिहिलेलं नाहीस. चष्मेवाली म्हणाली, बाई, कोणत्या बाजूने गेलो तर मरणार? मला हसूही आलं आणि तिथेच खाली बसून रडूही आलं. तुझ्या कागदातलं रान आता तिथे नाही. आबा वर्षानुवर्षं रोज त्याच्यासोबत बदलत गेले, म्हणून त्यांना येत होतं. कागद कसा बदलणार?

तुझं काही चुकलं नाही, जीव तोडून लिहिलंस. कागद शाळेच्या कपाटात नाही, माझ्या उशीखाली आहेत.

आता शेवटच्या पानाखालची ती ओळ. ‘त्या दिवशी त्यांनी एक हाक मारली असती तर मी थांबले असते.’

ताई, रानाची मोजणी करायला आलेल्या भाऊजींसोबत तू निघालीस त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मी दारात होते. तू पुढे बॅग घेऊन, आबा मागे काठी घेऊन. थेट मोठ्या रस्त्यापर्यंत आले ना ते तुझ्या मागे? आणि तू बसमध्ये चढलीस तेव्हा ते मैलाच्या दगडाशी खाली बसले. तू बघितलंस. तुला वाटलं, सगळ्यांसमोर मला चुकलीस म्हणाले. म्हणाले असतील. पण बसलेला माणूस पुढे काय करतो, तेही तुलाच सगळ्यात जास्त माहीत आहे. तो येणाऱ्याची वाट बघतो. त्याला दुसरं काही करताच येत नाही. हाक मारायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नाही गं.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. भाऊजी चांगले आहेत, संसार चांगला चाललाय, कुणाची नजर न लागो. चुकली नाहीस म्हणून परत फिरली नाहीस, हेही समजतं. पण ते बसलेत, त्याचं काय करू मी?

साहेब तीन मार्चला येतायत. ये ना.

तुझी,
घरकोंबडी


३ मार्च

ताई,

तू आली नाहीस. बसच्या वेळेला मी उगीच फाटकापर्यंत तीन खेपा घातल्या. शिपाईमामा म्हणाला, साहेब जीपने येतात बाई, बसने नाही.

ठरवलं होतं असं, पोरांनी ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढी वाट झोपेतही चुकत नाहीत. पोरांचे केस चपचपीत, बुटांना पॉलिश. आबांना मी धुतलेला सदरा घातला. साहेब आले, हात जोडले, आबांच्या पायाही पडले. म्हटलं ना, माणूस भला आहे. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडले तरी असते.

मग म्हणाले, एकच बदल आहे बाई. सुरक्षेचा नियम आलाय. सगळ्यात पुढे मोठं माणूस हवं, मागे पोरं, मध्ये दोरी. फोटोतही तसंच दिसायला हवं. आबा, तुम्ही पुढे व्हा.

आबा फाटकात उभे राहिले. समोर वाट. मागे पंचवीस पोरं दोरी धरून. हलेनात. साहेब म्हणाले, चला ना आबा, तुम्ही वाट दाखवा. आबांनी वळून सगळ्यांकडे बघितलं आणि हसून म्हणाले, “मी कसा पुढे होऊ? मला काय ठाऊक कुठे जायचंय!”

साहेब खूश झाले. ‘वा!’ म्हणाले. सोबतच्या माणसाला म्हणाले, हे लिहून घ्या, काय खोल बोलले बघा. स्टाफ हसला, शिपाईमामाने टाळ्या वाजवल्या. हसलो नाही ते फक्त मी आणि पंचवीस पोरं. चष्मेवालीने चष्मा काढून पुसायला घेतला.

मला राहवेना. साहेबांना ऑफिसच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. दलदल, काठी, सकाळचं ‘तुम्ही कोणाकडे आलात’, सगळं. त्यांनी लिहून घेतलेला कागद हळूच घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, माझ्या आजीचंही असंच झालं होतं. म्हणाले, बाई, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? माझ्या जागी मी आहे, तरी मला तेच करावं लागलं असतं.

दुसरं जाणतं माणूस मिळेपर्यंत तास बंद. दर गुरुवारी त्याच वेळात पडद्यावर रानाचा व्हिडिओ. फार सुंदर चित्रण आहे म्हणे, पाखरांचे आवाजसुद्धा आहेत.

दुसरं माणूस कुठे आहे, विचारत होते. म्हटलं, एक आहे, पण लांब असते.

तुझी,
घरकोंबडी


२४ मार्च, गुरुवार

ताई,

अक्षर वाकडं येतंय, लावून वाच. दम्याने नाही, आता श्वास ठीक आहे.

तास बंद झाला हे आबांना किती वेळा सांगितलं. हो म्हणतात आणि गुरुवार आला की काठी पुसतात. गुरुवार तेवढा त्यांना बरोबर कळतो. मग मी त्यांना वर्गात घेते. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, पडद्यावर कुठलंतरी भलतंच रान, आणि आबा शेवटच्या बाकामागे उभे. खुर्ची दिली तर बसत नाहीत. त्यांना वाटतं पोरं पुढे चाललीयेत. पोरं व्हिडिओ बघत नाहीत गं, सगळ्यांचे कान मागे. काठी जरा हलली की सगळ्यांच्या पाठी ताठ होतात.

आज व्हिडिओ मध्येच अडकला. मी वायर बघायला वाकले. चष्मेवाली उठून म्हणाली, बाई, काठी नाहीये.

आबा फाटकाबाहेर पोचले होते. मी धावायला लागले, मागून अख्खा वर्ग. कोण कुणाला आवरणार? पन्नास पावलांवर पाठमोरे दिसले आणि मी हाक मारणार तेवढ्यात चष्मेवालीने माझा पदर धरला. “बाई, हाक नाही मारायची.” तशी माझ्यात हाक मारायची ताकद तरी कुठे होती? छाती भात्यासारखी चाललेली. मग गेलो तसेच. पुढे आबा, मागे पोरं, सगळ्यात मागे मी पंप ओढत. ओढ्याचा फाटा आला. आबांनी उजवी वाट धरली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती रानाची वाट नाही, ती मोठ्या रस्त्याला जाते.

थोडं पुढे गेल्यावर चष्मेवाली खाली बसली, तिथेच मातीत. मग एकेक करून सगळी बसली. मागची पावलं थांबली की आबांना कळेल, परत फिरतील, असा त्यांचा हिशेब. बरोबरच होता. त्यांनीच शिकवलेला. आबा चालतच राहिले. वळणाआड गेले. पोरं उठेनात. मी म्हटलं, चला, तर एक जण म्हणाला, बाई, ते येईपर्यंत उठायचं नसतं.

मी उठले. मी कुठे बसले होते म्हणा, मी एकटीच पुढे गेले.

बऱ्याच वेळाने मी आबांना हाताला धरून परत आणलं तेव्हा पोरं तशीच बसलेली होती. आम्हाला बघून काय आनंद त्यांना! चष्मेवाली म्हणाली, “बघा बाई, कळलं त्यांना. आले परत.” पोरं नाचायला लागली. मी मान हलवली. त्यांना खरं सांगण्याची हिंमत मला झाली नाही, ते तुला सांगते.

वळण घेतलं तर आबा मोठ्या रस्त्यावर, त्याच मैलाच्या दगडाशी बसलेले. समोरून दुपारची बस निघून जात होती. धूळ सगळी त्यांच्या अंगावर. ते बसकडे बघत होते. आणि ताई, त्यांनी हाक मारली.

“टिटवे! अगं ए टिटवे!”

जन्मात नाही ऐकला त्यांचा तो आवाज. मी, तू, आई, कुणीच नाही. नियमही विसरले बहुतेक. किंवा आठवत असून मारली, मला नाही सांगता येणार. बस गेली. परत हाक मारली, मग परत. दर हाकेनंतर काठी बाजूला ठेवून कानाला हात लावायचे. मला तोंडात पदर कोंबून रडावंसं वाटलं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ऐकायला मी एकटीच, आणि माझ्या नावाची हाक नाही ती.

शेवटी मी ओ दिली. मोठ्याने, तुझ्यासारखी.

आबांनी वळून बघितलं, आणि तोंडभर हसले गं. उठायला हात पुढे केला. किती वेळ बसलोय, म्हणाले, पाय आखडले. माझ्या गालावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाले. मग एकदम घाबरून माझ्या मागे रस्त्यावर लांबवर बघायला लागले.

“धाकटीला नाही ना आणलंस सोबत? एवढ्या लांब? दम लागतो तिला.”

“नाही आबा,” म्हटलं, “ती घरीच आहे.”

ये गं ताई.

घरकोंबडी